पंचमीची फुगडी, आठवड्याची दीडशे मिनिटे

दुपारचे साडेबारा वाजले आहेत. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातली रांग अजून दाराबाहेर आहे. पन्नाशीतल्या एक बाई डॉक्टरांसमोरच्या स्टुलावर बसतात आणि पिशवीतून केसपेपर काढतात. मधुमेह सहा वर्षांपासूनचा, रक्तदाब दोन वर्षांपासूनचा, गुडघेदुखी त्याच्याही आधीची. गोळ्या वेळेवर चालू आहेत. साखर मात्र खाली यायचे नाव घेत नाही.

"मावशी, चालायला जाता का?"

"कधी जाऊ, डॉक्टर? सकाळपासून सहा घरच्या पोळ्या करते. घरी यायला रात्रीचे आठ होतात. आमच्या गल्लीत दिवे नाहीत, कुत्री मागे लागतात. आणि दिवसभर उभीच तर असते. आणखी कसला व्यायाम?"

मधुमेहाच्या आणि हृदयरोगाच्या कोणत्याही ओपीडीत हा संवाद रोज थोड्याफार फरकाने ऐकू येतो. 'रोज ३० मिनिटे भरभर चालणे' ही ओळ केसपेपरवर लिहिली जाते. औषधाच्या खिडकीवर न मिळणारे हे एकच औषध, आणि बहुतेक वेळा न घेतलेलेही हेच. कोणाला वेळ नसतो, कोणाला रस्ता नसतो. पावसाळ्याचे चार महिने आहेत, रस्त्यावरून चालताना वाटणारा संकोच आहे. कारणे खरी असतात. आळशी म्हणून ती उडवून लावली की रुग्ण पुढच्या खेपेला खोटे सांगायला शिकतो.

त्या दिवशी डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न विचारला. "लग्नाआधी पंचमीला फुगड्या खेळायचात ना?"

बाई हसल्या. "खेळायचे म्हणजे काय! गावात माझ्याइतका वेळ कोणी टिकत नव्हतं."

उपचाराची दिशा इथे सापडते. नाचाच्या चालीवर, घरातच, दहा फुटांच्या खोलीत करायचा व्यायाम ही काही फक्त मोबाइलवरच्या तरुण मुलींची गोष्ट नाही. नीट बेतला, तर तो चालण्याच्या तोडीचा हृदयाचा व्यायाम होतो आणि त्यात स्नायूंच्या ताकदीचीही भर घालता येते.

दिवसभर उभे राहणे पुरेसे का नाही?

'घरकाम हाच व्यायाम' हा समज अर्धा खरा आहे. शरीराचा खर्च मोजण्यासाठी 'मेट' नावाचे एकक वापरतात. स्वस्थ बसलेले असताना शरीर जितका प्राणवायू वापरते, तो एक मेट. ओट्यापाशी उभे राहून स्वयंपाक करताना हा आकडा साधारण दोन ते तीनच्या आसपास असतो. भरभर चालताना तो चार-साडेचारपर्यंत जातो. उड्या न मारता केलेल्या एरोबिक नाचात पाचच्या आसपास, तर उड्यांच्या नाचात सात किंवा त्याहून अधिक. तीन ते सहा मेट म्हणजे मध्यम श्रम, सहाच्या पुढे जोरकस श्रम.

फरशी पुसताना किंवा भरलेली बादली उचलताना शरीर मध्यम श्रमापर्यंत पोहोचते, पण ते मिनिट-दोन मिनिटे. मग पुन्हा थांबते. पाय भरून येतात, कंबर दुखते, थकवा येतो, पण हृदयाला आणि फुप्फुसांना सलग काही मिनिटे चढती लय मिळत नाही. थकवा आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवसभर राबणाऱ्या बाईला हे सांगताना जपून सांगावे लागते, कारण तिचे कष्ट नाकारले जात आहेत असे तिला वाटू शकते. कष्ट खरेच आहेत. ते हृदयाला पुरत नाहीत, एवढेच.

आणि हा प्रश्न लहान नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचे सांगतात. आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात आलेल्या जागतिक अभ्यासानुसार भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी आहे. पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांमध्ये ५७ टक्के आहे. या तफावतीमागे घराबाहेर पडण्याची मुभा, वेळ आणि सुरक्षित जागा यांचा प्रश्न आहे. म्हणूनच घरात करता येईल असा व्यायाम ही स्त्रियांसाठी निव्वळ सोय नाही. अनेकींसाठी तो एकमेव मार्ग असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा. शिवाय किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे व्यायामही आठवड्यातून तीन दिवस हवेत. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी व्यायाम हिशेबात धरत नसत. ती अट आता काढून टाकली आहे. पोळ्यांना जाण्यापूर्वी दहा मिनिटे आणि रात्री जेवणानंतर दहा मिनिटे हा हिशेबसुद्धा चालतो.

नाचताना शरीरात काय घडते?

मधुमेहात पेशींचे दार इन्सुलिनच्या किल्लीला नीट दाद देत नाही. आकुंचन पावणारा स्नायू मात्र इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढून घेतो. मांड्या आणि नितंब हे शरीरातले सर्वांत मोठे स्नायू. नाचात तेच सर्वाधिक राबतात. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे हलक्या चालीवर पाय हलवले, तरी जेवणानंतर चढणारी साखर थोडी आटोक्यात राहते. व्यायामानंतर काही तास, कधी कधी दिवसभर, इन्सुलिनचा परिणामही सुधारलेला राहतो. तो टिकून राहावा म्हणून सलग दोन दिवसांहून अधिक खाडा नको, असे मधुमेहींना सांगतात.

नियमित व्यायामाने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते. त्यामुळे तेच काम कमी ठोक्यांत होते. रक्तवाहिन्यांचे अस्तर लवचिक राहते आणि काही आठवड्यांत वरचा रक्तदाब थोडा उतरतो. हा उतार गोळीची जागा घेण्याइतका असेलच असे नाही, पण गोळीला हातभार लावतो.

चालण्यापेक्षा नाचात एक गोष्ट जास्त असते: दिशा बदलणे. पुढे, मागे, आडवे, गिरकी. चालताना आपण सरळ रेषेत जातो. म्हातारपणी पडणे होते ते बहुधा वळताना, बाजूला सरकताना, मागे पाऊल टाकताना. नाच नेमका याचाच सराव देतो. पावले लक्षात ठेवणे, ठेक्यावर हात-पाय जुळवणे, समोरच्याकडे लक्ष ठेवणे यात मेंदूही गुंततो. २००३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये न्यूयॉर्कमधल्या पंचाहत्तरीपुढच्या ४६९ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाहिलेल्या शारीरिक छंदांपैकी एकट्या नाचाचा स्मृतिभ्रंशाचा धोका कमी असण्याशी संबंध आढळला. ब्रिटनमधल्या चाळिशीपुढच्या ४८ हजारांहून अधिक लोकांच्या माहितीचे विश्लेषण २०१६ मध्ये आले. त्यात मध्यम जोराने नाचणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले. हे निरीक्षणावर आधारलेले अभ्यास आहेत. मुळात तब्येतीने बरे असलेलेच लोक नाचत असतील, ही शक्यता त्यात पूर्णपणे पुसता येत नाही. तरीही शरीरशास्त्राला हे निष्कर्ष पटण्यासारखे आहेत.

विदेशी नाव, देशी चाल

नाचाचा व्यायाम म्हणून वापर हा अमेरिकेतल्या जिममधून आलेला प्रकार असे अनेकांना वाटते. त्याचे व्यापारी रूप तिकडचेच आहे. केनेथ कूपर या डॉक्टरांचे 'एरोबिक्स' हे पुस्तक १९६८ मध्ये आले. त्यानंतर वर्षभरात जॅकी सोरेनसन आणि ज्युडी शेपर्ड मिसेट या दोघी नर्तिकांनी आपापल्या परीने नाचावर आधारित व्यायामवर्ग सुरू केले. पुढे कोलंबियातल्या काली शहरातले बेटो पेरेझ एकदा वर्गाची कॅसेट घरी विसरले. त्यांनी जवळच्या साल्सा-मेरेंगेच्या गाण्यांवर वर्ग घेतला आणि त्यातून झुंबा जन्माला आला.

आपल्याकडे या प्रकाराला नाव नव्हते, पण चाल होती. श्रावणात मंगळागौरीची रात्र जागवताना होणारे झिम्मा, पिंगा, फुगडी, लाट्या बाई लाट्या, आगोटा-पागोटा हे खेळ घ्या. त्यात धावणे, बसून उठणे, तोल, पकड, गिरकी सगळे येते. कोकणात गौरी-गणपतीच्या फुगड्या, गोव्यात फुगडी आणि धालो, देशावर पंचमीचे खेळ. लेझीम तर आखाड्यातून आणि शाळेच्या मैदानातूनच वाढली. वाकणे, बैठक, दोन्ही हातांचे आंदोलन आणि पावलांचा ठेका हे लेझमीत एका वेळी चालते. वर्षातून एक-दोन रात्री खेळून मात्र काही साधत नाही. उलट वर्षभर बसून एका रात्री जोराने खेळले, तर गुडघा किंवा कंबर बोलू लागते. हेच खेळ थोडे सौम्य करून आठवडाभर विभागले, की त्यांचा व्यायाम होतो.

दहा फुटांचा आखाडा

तयारी साधी आहे. दोन्ही हात पसरून गोल फिरता येईल एवढी जागा, पंखा आणि न सरकणारी एक भक्कम खुर्ची. फरशी कोरडी असावी. गुळगुळीत टाइल्सवर मोजे घालून नाचू नये. घट्ट बसणारे बूट असतील तर उत्तम. पायांना मुंग्या येत असतील किंवा तळव्यांची संवेदना कमी झाली असेल, तर अनवाणी करूच नये. साडी असेल तर घोट्याच्या वर खोचलेली, ओढणी बाजूला ठेवलेली. हातात धरायला एक लाटणे आणि पाण्याने भरलेल्या एक-एक लिटरच्या दोन बाटल्या. पाण्याचे एका लिटरचे वजन एक किलो, त्यामुळे वजने विकत आणायला नकोत. चाळीत किंवा वरच्या मजल्यावर खालच्यांना त्रास होईल ही चिंता असते. या सगळ्या क्रमात उडी नाही. एक पाऊल कायम जमिनीवर राहते. गुडघ्यांनाही तेच सोसते.

गाणे निवडताना ठेका मोजावा. पंधरा सेकंदांत २५ ते ३० ठोके पडले, तर मिनिटाला १०० ते १२० होतात. प्रौढांमध्ये मिनिटाला सुमारे १०० पावलांचा वेग म्हणजे मध्यम श्रमाची सुरुवात मानतात. सुरुवातीला हीच चाल पुरे.

पहिली पाच मिनिटे अंग गरम करावे. जागच्या जागी चालणे, खांदे पुढून मागे फिरवणे, घोटे फिरवणे, एका बाजूला दोन पावले आणि परत दोन पावले. अचानक जोर लावला तर हृदयाच्या स्नायूला वाढीव रक्तपुरवठा मिळायला अवधी मिळत नाही. म्हणून चाळिशीनंतर ही पाच मिनिटे टाळू नयेत.

पुढची वीस मिनिटे चार भागांत.

झिम्म्याचे पाऊल, पाच मिनिटे. उजवीकडे पाऊल, डावे त्याला जोडून टाळी. मग डावीकडे तेच. दोन मिनिटांनी टाळी खांद्याच्या उंचीवर, मग डोक्यावर न्यावी. हात हृदयाच्या वर गेले की नाडी वाढते, त्यामुळे जोर कमी-जास्त करण्याची ही सोपी चावी आहे. घरात दुसरे कोणी असेल तर समोरासमोर टाळ्या द्याव्यात.

कोळी चाल, पाच मिनिटे. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे किंचित वाकलेले. वजन एका पायावरून दुसऱ्यावर डोलत न्यायचे आणि दोन्ही हातांनी वल्हे मारायचे. हात मागे ओढताना पाठीची दोन्ही पाती एकमेकांजवळ आणावीत. दिवसभर ओट्यावर, शिलाई मशीनवर किंवा संगणकावर पुढे झुकून काम करणाऱ्यांच्या पाठीला ही ओढ फार उपयोगी पडते.

लेझीम, पाच मिनिटे. लेझीम नसेल तर लाटण्याची दोन्ही टोके धरावीत. चार ठेक्यांचा क्रम असा: छातीसमोर, वर, छातीसमोर, खाली. खाली जाताना कंबरेतून वाकून चालणार नाही. नितंब मागे नेऊन, खुर्चीवर बसायला निघाल्यासारखे अर्धे बसावे, टाचा जमिनीवर टेकलेल्या असाव्यात. गुडघे दुखत असतील तर फक्त चतुर्थांश बसावे. पाठीचा मणका सरकलेला असेल किंवा हाडे ठिसूळ झाल्याचे निदान असेल, तर खाली वाकणे पूर्ण वगळावे.

गरब्याची तीन टाळी, पाच मिनिटे. पुढे तीन पावले आणि टाळी, मागे तीन पावले आणि टाळी, मग जागेवर संथ वळण. वळणाची दिशा दर खेपेला बदलावी. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव गिरकी थांबल्यावरही क्षणभर फिरत राहतो, म्हणून चक्कर येते. खऱ्या फुगडीत ती अधिक येते. दोघींनी हात गुंफून, मागे रेलून घेतलेली फुगडी पकडीचा आणि पाठीचा उत्तम व्यायाम आहे. पण चक्करेचा त्रास असणाऱ्यांनी, रक्तदाबाची औषधे नुकतीच सुरू झालेल्यांनी आणि खांदा निखळण्याचा इतिहास असणाऱ्यांनी ती घेऊ नये.

शेवटची पाच मिनिटे उतरणीची. चाल संथ करत जागच्या जागी चालावे. एकदम थांबले की पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्याच राहतात, रक्त खाली साठते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. श्वास पूर्ववत झाल्यावर पोटऱ्या, मांड्या आणि छाती प्रत्येकी वीस सेकंद हलके ताणावेत.

ताकदीचे दोन दिवस

नाचाने हृदय सुधारते, पायही बऱ्यापैकी घट्ट होतात. हात, छाती आणि पाठ यांना मात्र तो पुरेसा भार देत नाही, आणि इथेच बहुतेक नाचाचे व्यायाम तोकडे पडतात. तिशीनंतर दर दहा वर्षांनी अंगातला स्नायू तीन ते आठ टक्क्यांनी घटतो, साठीनंतर त्याहून वेगाने. भारतीय स्त्रियांची रजोनिवृत्तीही पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे लवकर येते. इस्ट्रोजेन कमी झाले की हाडे विरळ होऊ लागतात. हाडाला बळ हवे असेल तर स्नायूने त्याला ओढले पाहिजे. म्हणून आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, नाचानंतर दहा-बारा मिनिटे ताकदीसाठी द्यावीत.

खुर्चीवरची बसफुगडी: बसफुगडीत उकिडवे बसून एकेक पाय पुढे फेकतात. पन्नाशीतल्या गुडघ्याला तो भार झेपत नाही. म्हणून खुर्चीवर ताठ बसून उजवा पाय सरळ करावा, पाच अंक धरावा, खाली आणावा, मग डावा. गुडघ्याच्या वाटीवरचा मांडीचा स्नायू याने मजबूत होतो आणि गुडघेदुखीत नेमका तोच दुबळा झालेला असतो.

खुर्चीवरून उठणे-बसणे: हात छातीवर दुमडून, आधाराशिवाय. जमत नसेल तर सुरुवातीला मांड्यांवर हात टेकून.

भिंतीवरचे जोर: भिंतीपासून हातभर दूर उभे राहून तळवे भिंतीवर ठेवावेत. कोपर वाकवून छाती भिंतीजवळ न्यावी आणि परत ढकलावे.

बाटल्यांची वल्ही: एक पाय पुढे, धड थोडे झुकलेले, दोन्ही बाटल्या पोटाच्या बाजूला ओढून घ्याव्यात.

टाचा उचलणे: ओट्याला धरून चवड्यांवर उभे राहावे, तीन अंक थांबावे, सावकाश उतरावे. पोळ्या भाजता भाजताही हे होते.

प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, थोडी विश्रांती घेऊन दोन फेऱ्या. शेवटच्या दोन-तीन वेळा कष्टाच्या वाटल्या पाहिजेत. सहज बारा होऊ लागले की भार वाढवावा: बाटली दोन लिटरची, भिंतीऐवजी ओटा. जोर लावताना श्वास सोडावा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब क्षणात उसळतो.

किती जोरात?

घड्याळ, पट्टा, ॲप काहीही नको. व्यायाम करताना वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो मध्यम जोर. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर जोर जास्त झाला. ज्यांना नाडी मोजायची आहे त्यांनी २२० मधून वय वजा करावे आणि येणाऱ्या आकड्याच्या ६४ ते ७६ टक्के धरावेत. पन्नाशीत ते मिनिटाला साधारण १०९ ते १२९ ठोके होतात. रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी मेटोप्रोलोलसारखी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल, तर नाडी मुळातच कमी वाढते. अशांनी नाडीच्या मागे न लागता बोलून पाहण्याचीच कसोटी वापरावी.

कोणी जपावे?

२०२३ च्या नवरात्रात गुजरातमध्ये गरबा खेळताना हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या आणि अनेकांनी नाचाचीच धास्ती घेतली. दोष नाचाचा नसतो. न कळलेला रक्तदाब किंवा अरुंद झालेली धमनी, वर्षभराची बैठी सवय, उपास, कमी पाणी, अपुरी झोप आणि तासन् तास जोरकस श्रम हे एकत्र आले की धोका वाढतो. रोज अर्धा तास मध्यम जोराने केलेला व्यायाम हाच धोका कमी करतो.

चालताना छातीत दडपण येते, जिना चढताना पूर्वीपेक्षा लवकर धाप लागते, भोवळ येते, रक्तदाब १८०/११० च्या वर आहे किंवा अलीकडेच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना भेटावे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी उपाशीपोटी नाचू नये आणि साखरेच्या पुड्या हाताशी ठेवाव्यात. हात थरथरणे, घाम, अचानक भूक ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढल्या असतील, तर उड्या, खाली डोके करणे आणि जड वजने टाळावीत. गरोदर स्त्रियांनी आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, गिरक्या वगळून करावे.

आणखी एक तक्रार आहे, जी ओपीडीत विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. नाचताना, खोकताना किंवा हसताना लघवीचे थेंब जाणे. बाळंतपणानंतर आणि रजोनिवृत्तीच्या सुमारास हे अनेकींना होते आणि त्या गुपचूप व्यायाम सोडून देतात. लाजण्यासारखे यात काही नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झाल्याने हे होते आणि त्यावर व्यायाम आहे. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात, तेच पाच अंक आवळावेत, पाच अंक सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. दोन-तीन महिन्यांत बहुतेकींना फरक जाणवतो. तोवर उड्या टाळाव्यात. फरक न पडल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.

नाचताना छातीवर दाब, जबडा, पाठ किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, थंड घाम, मळमळ किंवा कधी नव्हे असा थकवा जाणवला, तर तिथेच थांबावे. स्त्रियांमध्ये छातीत ठळक कळ न येता नुसती धाप आणि मळमळही असू शकते. 'गॅस झाला असेल' म्हणून ओवा खाऊन वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा.

अपेक्षा किती ठेवावी?

साठ किलो वजनाच्या व्यक्तीने पाच मेटच्या जोराने अर्धा तास नाच केला, तर सुमारे दीडशे उष्मांक खर्च होतात. एका बटाटेवड्यात ते सहज परत येतात. त्यामुळे आहार न बदलता केवळ नाचून वजन झरझर उतरेल, ही जाहिरातीतली आशा सोडून द्यावी. महिन्याभरात काटा हलला नाही म्हणून व्यायाम सोडणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. काटा हलण्यापूर्वी इतर गोष्टी हलतात. झोप सुधारते, जिना सोपा होतो, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागत नाही. दोन-तीन महिन्यांत रक्तदाब, साखर आणि कमरेचा घेर यांत फरक दिसू शकतो.

आठवड्यातून पाच दिवस असा अर्धा तास आणि त्यातल्या दोन दिवशी ताकदीची जोड दिली, तर वरचा हिशेब पुरा होतो. पहिल्या आठवड्यात दहाच मिनिटे करावीत, मग दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. दुसऱ्या दिवशी मांड्या थोड्या अवघडल्या तर चालेल. सांधा सुजला किंवा दुखणे दोन दिवसांहून अधिक टिकले, तर भार जास्त झाला असे समजावे.

पोळ्या करणाऱ्या त्या बाईंच्या केसपेपरवर डॉक्टरांनी चालण्याची ओळ खोडली आणि लिहिले: झिम्मा दहा मिनिटे, सकाळी व जेवणानंतर, खुर्चीवर बसफुगडी, दोन वेळा. तीन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा तीन महिन्यांची सरासरी साखर पाऊण टक्क्याने उतरली होती. गोळ्या त्याच होत्या. गुडघे अजून दुखतात, पण जिना उतरताना कठडा धरावा लागत नाही, असे त्यांनी सांगितले. या खेपेला त्या एकट्या आल्या नव्हत्या. रात्री त्यांच्याबरोबर झिम्मा धरणाऱ्या शेजारच्या दोघी सोबत होत्या. त्यांचा रक्तदाब याआधी कधी कोणी मोजलाच नव्हता. त्यातल्या एकीचा १७० च्या वर निघाला. तिला काही म्हणजे काही त्रास होत नव्हता.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासून मिळते. गाणे लावण्यापूर्वी ही तपासणी एकदा करून घ्यावी.